व्हिक्टोरिया फॉल्सला आई आणि मुलाला घेऊन जाताय? मग सगळ्यात आधी महिना बघा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की मेच्या पहिल्या आठवड्यात व्हिक्टोरिया फॉल्सला चाललाय, सोबत ६८ वर्षांची आई आहे, त्यांना बीपी आणि गुडघ्याचा त्रास आहे, दहा वर्षांचा मुलगा आहे, तिथे कड्याला कठडे नाहीत असं तुम्ही कुठेतरी वाचलंय आणि मिस्टरांना डेव्हिल्स पूलमध्ये, म्हणजे धबधब्याच्या अगदी कड्यावरच्या पाण्याच्या डोहात, उतरायचंय. तर हे सगळं सेफ आहे का, आणि झांबियाची बाजू बरी की झिम्बाब्वेची. मी पुण्यातून बरीच वर्षं त्या भागात टूर घेऊन जातो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी मिस्टरांचं उत्तर देऊन टाकतो कारण ते सोपं आहे. मे महिन्यात डेव्हिल्स पूल नसतो. तो साधारण ऑगस्टच्या शेवटापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, ते पण नदीचं पाणी किती आहे त्यावर, उघडतो. मे मध्ये ती जागा जोरदार पाण्याखाली असते, तिथे कोणी नेऊ शकत नाही आणि जो नेतो म्हणेल त्याच्याशी पुढचं बोलणंच करू नका.

आता खरा मुद्दा. "सेफ आहे का" याला हो किंवा नाही असं एक उत्तर देता येत नाही, कारण धबधबा एकच असला तरी एप्रिल-मे मधला आणि दिवाळीच्या सुट्टीतला यांचे धोके अगदी वेगळे आहेत. आपले लोक शाळेच्या सुट्ट्यांमुळे नेमके याच दोन वेळी जातात. झांबेझी नदीला पाणी येतं ते वरच्या अंगोला आणि झांबियातल्या पावसाचं, आणि तो पाऊस नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडला तरी ते पाणी पठारावरून, दलदलींतून हळूहळू उतरत खाली यायला वेळ लागतो, म्हणून धबधब्याला सगळ्यात जास्त पाणी साधारण एप्रिलमध्ये असतं आणि तेव्हा तिथला पाऊस जवळपास संपलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेच पाणी साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं आणि झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा पडतो. म्हणजे तुम्हाला मिळणार आहे भरलेला धबधबा, आणि तेव्हा धोका असतो ओल्या दगडाचा आणि समोरचं न दिसण्याचा. दिवाळीत जाणाऱ्यांना धोका असतो कोरड्या कड्यावर चालत जायच्या मोहाचा, आणि उन्हाचा.

अजून एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण आपल्याकडची धबधब्याची सवय तिथे उपयोगाची नाही. आपण लोणावळ्याला किंवा ताम्हिणीला जातो तेव्हा धबधब्याच्या खाली उभे राहतो, पाण्यात उतरतो, आणि आपल्याकडचा धोका म्हणजे वर पाऊस झाला की ओढा अचानक फुगतो. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली ती अशीच. व्हिक्टोरिया फॉल्सला असा अचानक लोंढा येत नाही, एवढी मोठी नदी आठवड्या-आठवड्यांनी चढते आणि उतरते. पण तिथे तुम्ही धबधब्याच्या खाली नसताच, तुम्ही त्याच्या समोर असता. नदी १७०० मीटरपेक्षा जास्त रुंदीत एका अरुंद घळीत कोसळते, सगळ्यात उंच ठिकाणी १०८ मीटर, आणि त्या घळीच्या दुसऱ्या काठावर, साधारण धबधब्याच्या माथ्याच्या उंचीला, बघायची पायवाट आहे. म्हणजे समोर पाण्याची भिंत, मध्ये खोल दरी, आणि तुम्ही दरीच्या तोंडाशी. त्यामुळे भीती पाण्यात वाहून जायची नाही, कड्यावरून खाली जायची आहे. हे एकदा नीट समजलं की निम्मी काळजी योग्य जागी लागते.

कठड्याबद्दल वाचलंत ते खरं आहे. झिम्बाब्वेच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी काटेरी फांद्या रचून आडोसा केलेला असतो, कुठे बुटके कुंपण, आणि काही ठिकाणी काहीच नाही. त्या बाजूच्या शेवटच्या टोकाला डेंजर पॉइंट म्हणतात, तिथे उघडे खडक आहेत आणि पुढे थेट दरी. आपल्याला सवय असते की जिथे धोका तिथे रेलिंग, म्हणजे रेलिंग नाही तर जागा बरी असेल असं डोकं आपोआप समजतं, आणि इथे तेच चुकतं. जानेवारी २०२१ मध्ये झिम्बाब्वेच्याच बाजूला एक माणूस पाय घसरून कड्यावरून खाली गेला आणि वारला. माझ्या ग्रुपला मी एकच माप देतो, कड्यापासून दोन मोठी माणसं आडवी झोपतील एवढं अंतर, आणि ओला दगड असेल तर तिथे जायचंच नाही, भले फोटो अर्धा येऊ दे.

आणि फोटोचंच सांगतो, कारण मी जे जवळचे प्रसंग बघितलेत त्यात कोणी मस्ती करत नव्हतं, सगळे शांतपणे फोटो काढत होते. एक गृहस्थ सगळा ग्रुप फ्रेममध्ये यावा म्हणून फोन डोळ्यासमोर धरून एक एक पाऊल मागे येत होते, पाठीमागे काटेरी फांद्यांचा आडोसा आणि त्यामागे दरी, आवाज एवढा की हाक मारली तरी ऐकू जाईना, मी जाऊन दंड धरला तेव्हा त्यांना कळलं आपण कुठे आहोत. म्हणून नियम असा करा की फोटो काढणारा माणूस हलणार नाही, ज्यांचा फोटो काढायचा ते हलतील, आणि दरीकडे पाठ करून चालायचं कोणीच नाही. सेल्फी स्टिक बॅगेतच राहू द्या. मुलाला आधी हॉटेलवर शांतपणे सांगा, तिथे जाऊन सांगाल तर धबधब्याच्या आवाजात त्याला काही कळणार नाही, आणि मिस्टर आणि तुम्ही दोघांपैकी नक्की कोणाच्या हातात त्याचा हात आहे हे प्रत्येक पॉइंटला ठरलेलं असू द्या. "मला वाटलं तुझ्याबरोबर आहे" हे वाक्य मी तिथे फार वेळा ऐकलंय.

मे मधल्या तुषारांबद्दल लोकांची कल्पना कमी पडते. खाली आपटलेलं पाणी शेकडो मीटर वर उडतं आणि परत पावसासारखं अंगावर येतं, शिवाय दरीतून वर येणारा वारा ते खालून पण तोंडावर मारतो, त्यामुळे छत्री एका मिनिटात उलटी होते. गेटवर रेनकोट भाड्याने मिळतात पण मी म्हणेन घरून स्वतःचा न्या, आईंसाठी तरी मापाचा, कारण पायात घोळणारा लांब रेनकोट हाच पडायला कारण होतो. चष्मा असेल तर त्यावर पाणी साचून दिसायचं बंद होतं, कानात मशीन असेल तर ते काढून कोरड्या पाऊचमध्ये ठेवा. पासपोर्ट, औषधं, फोन सगळं वॉटरप्रूफ पिशवीत. पायात मागे पट्टा असलेले, तळाला खोल खाचा असलेले फ्लोटर्स किंवा बूट, साधी चप्पल नको, आणि नवे कोरे बूट तर अजिबात नको, घरी दोन-तीन आठवडे घालून बघा. जिथे सतत तुषार पडतात तिथे दगडावर शेवाळ असतं, काळपट हिरवा चकचकीत थर, तो दिसला की पाय सपाट टाकायचा, टाचेवर नाही.

झांबिया की झिम्बाब्वे, तर तुमच्या केसमध्ये मी डोळे झाकून झिम्बाब्वे सांगेन. धबधब्याचा मोठा भाग तिथूनच समोर दिसतो, पायवाट बरीचशी सपाट आणि बांधलेली आहे, मध्ये बसायला बाक आहेत आणि आईंना जिथे दमल्यासारखं होईल तिथून मागे फिरता येतं. फक्त सुरुवातीला डेव्हिल्स कॅटरॅक्टच्या (धबधब्याचा पश्चिम टोकाचा भाग) बाजूला खाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत त्या आईंनी सोडाव्यात, आणि डेंजर पॉइंट पण सोडावा, काही चुकत नाही, मे मध्ये तिथे तसंही पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. मधल्या पॉइंटलासुद्धा कधी कधी दहा मिनिटं थांबलं तर वारा फिरतो आणि अचानक सगळा पडदा बाजूला होतो, त्यामुळे घाई करून पुढे पळू नका. सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते आणि आईंना ऊन लागत नाही.

झांबियाच्या बाजूला नाइफ एज ब्रिज नावाचा पायी जायचा पूल आहे, त्याला रेलिंग आहे, पण मे मध्ये त्यावर अक्षरशः नळाखाली उभं राहिल्यासारखं भिजायला होतं आणि उतार-चढ जास्त. मिस्टर आणि मुलगा जाऊन येऊ शकतात, हात धरून, हळू. त्याच बाजूला बॉइलिंग पॉटला, म्हणजे घळीच्या तळाशी पाणी घुसळतं त्या जागेला, खाली उतरणारी वाट आहे, खूप पायऱ्या, दगड, आणि पाणी जास्त असताना ती बंदही ठेवतात, बंद असेल तर कोणाला पैसे देऊन उघडून घेऊ नका. एका बाजूहून दुसरीकडे जायचं तर मधला १९०५ सालचा पूल ओलांडावा लागतो, ती देशाची सीमा आहे, पासपोर्ट लागतो आणि व्हिसा दोन्हीकडे परत येता येईल असा हवा, तो प्रकार निघण्याआधीच दोन्ही देशांच्या अधिकृत साइटवर बघून घ्या कारण नियम बदलत असतात. याच पुलावरून १११ मीटरची बंजी उडी असते. ३१ डिसेंबर २०११ ला तिथे एका ऑस्ट्रेलियन तरुणीची दोरी तुटली होती आणि ती खाली झांबेझीत पडली, वाचली हे तिचं नशीब आणि पोहता येत होतं म्हणून. मिस्टरांना सांगा, उडी मारायची असेल तर मारा, पण आधी इन्शुरन्सची पॉलिसी वाचा, त्याचं खाली लिहितो.

आता प्राण्यांचं, आणि इथे मी थोडा कडक होतो. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदी इतकी संथ आणि सपाट दिसते की पाय बुडवून बसावंसं वाटतं. तिथे मगरी आहेत आणि पाणघोडे आहेत. काठावर हात धुवायला सुद्धा वाकू नका, मुलाला काठाच्या जवळ खेळू देऊ नका, पोहायचं ते हॉटेलच्या पूलमध्ये. सनसेट क्रूझ छान असते, नक्की करा, फक्त बोटीच्या बाहेर हात-पाय नकोत आणि मुलाला लाइफ जॅकेट मापाचं आहे का ते चढायच्या आधी बघा, मोठं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

हत्ती हा विषय लोक फार हलक्यात घेतात. तिथे हत्ती पार्कात बंद नाहीत, ते गावात येतात, रस्ता ओलांडतात. जून २०२४ मध्ये झांबियाच्या बाजूच्या लिव्हिंगस्टन गावात मारंबा पुलाजवळ हत्ती बघायला थांबलेल्या एका ग्रुपमधल्या अमेरिकन बाईंचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून रस्त्यात हत्ती दिसला तर गाडीतून उतरायचं नाही, ड्रायव्हरला जवळ घ्यायला सांगायचं नाही, आणि तो "चला फोटो काढा" म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणायचं. हत्तीने कान पसरले, डोकं झटकलं, सोंड वर केली म्हणजे तो तुम्हाला अंतर वाढवा म्हणतोय. व्हिक्टोरिया फॉल्स गावातून पार्कचं गेट चालत जाण्याएवढं जवळ आहे, दिवसा लोक चालतात, पण अंधार पडल्यावर दहा मिनिटांचं अंतर असलं तरी टॅक्सी घ्या. रात्री हत्ती, म्हशी आणि चरायला बाहेर आलेले पाणघोडे असतात आणि ते तुम्हाला दिसण्याआधी तुम्ही त्यांच्यापाशी पोचलेले असता. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यातलं इंद्रधनुष्य बघायला रात्री पार्क उघडतात, ते बघण्यासारखं असतं, पण गाइडबरोबर, टॉर्च घेऊन, आणि आईंना तेव्हा मी तरी नेणार नाही, ओला रस्ता आणि अंधार एकत्र नको.

बबून म्हणजे तिकडची मोठी माकडं, विशेषतः झांबियाच्या पार्किंगमध्ये आणि खालच्या वाटेवर. आपल्या लोकांच्या बॅगेत खाऊ असतोच. आमच्या एका काकूंनी झाडाखाली बसून मुलांना द्यायला ठेपल्यांची पिशवी काढली, प्लॅस्टिकचा आवाज झाला मात्र, एक मोठा नर समोर येऊन सरळ मांडीवरून पिशवी ओढून घेऊन गेला, काकूंनी पिशवी सोडली म्हणून बरं झालं, ओढाताण केली असती तर त्याचे दात कुत्र्याच्या दातांपेक्षा मोठे असतात. खाणं गाडीत बंद ठेवा, पार्कमध्ये फिरताना हातात काही खायचं नको, आणि ओढलंच तर सोडून द्या. चावा किंवा ओरखडा झाला तर साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजच्या इंजेक्शनसाठी. उद्या बघू असं करायचं नाही.

दिवाळीत जाणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं लिहितो. तेव्हा पाणी कमी असतं आणि झांबियाच्या बाजूला कोणीतरी येऊन म्हणतं की चला, कड्यावरून चालत मध्यापर्यंत नेतो, थोडे पैसे द्या. नाही म्हणायचं. डेव्हिल्स पूलला अधिकृत ट्रिप कड्यावरच्या लिव्हिंगस्टन आयलंड या बेटावर बोटीने जाते, गाइड असतात, पाणी जास्त असेल तर ते स्वतःच रद्द करतात. ज्याला आत्मविश्वासाने पोहता येत नाही त्याने जायचं नाही, गुडघाभर पाण्यात पण प्रवाहाला जोर असतो. आणि ऑक्टोबरमध्ये तिथे ऊन फार कडक असतं, म्हाताऱ्या माणसांना पार्कात दुपारी बारा ते तीन नेऊ नका, मिठाचं-साखरेचं पाणी जवळ ठेवा.

आता ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते, मलेरिया. तो सगळा भाग मलेरियाचा आहे आणि पावसाळा संपतानाच्या महिन्यांत डास जास्त, म्हणजे तुमचा मे त्यातच येतो. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम प्रकारचा असतो आणि क्लोरोक्विनने तो थांबत नाही, त्यामुळे "आमच्याकडे घरी गोळ्या आहेत" असं करू नका. डॉक्टरकडे निघण्याच्या महिनाभर आधी जा. साधारण दोन पर्याय देतात, अटोव्हाकोन-प्रोग्वानिल, ती जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर सात दिवस घ्यायची, दुधाबरोबर किंवा तुपा-तेलाच्या जेवणाबरोबर, नाहीतर अंगी लागत नाही. दुसरा डॉक्सिसायक्लिन, ती परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची आणि त्याने ऊन जास्त लागतं. मुलाचा डोस वजनावर ठरतो. आईंच्या बीपीच्या गोळ्यांची यादी, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती नक्की, डॉक्टरला दाखवा, कारण मलेरियाच्या या दोन्ही औषधांचा रक्त पातळ करायच्या गोळीशी संबंध येतो. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारं मलम, रात्री मच्छरदाणी.

यलो फीव्हरच्या लसीचा घोळ तिकिटावर ठरतो. स्वस्तात मिळतात म्हणून लोक अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाणाऱ्या फ्लाइट घेतात, आणि इथिओपिया, केनिया दोन्ही आपल्या सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीत आहेत. तिथे थांबून आलात आणि सर्टिफिकेट नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, दहाव्या दिवसापासून चालते आणि आयुष्यभर पुरते. पण साठीच्या पुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदा देताना डॉक्टर विचार करून देतात, म्हणून आईंसाठी मी तिकीटच दुबई-जोहान्सबर्ग असं बघेन, थोडं महाग पडलं तरी.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीत मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का ते आधी बघा. दोन्ही गावांत उपचाराची सोय आहे पण हाड मोडलं, हार्टचं काही झालं तर बहुतेक वेळा माणसाला विमानाने जोहान्सबर्गला हलवावं लागतं आणि तो खर्च खिशातून झेपणारा नाही. आईंचं बीपी फॉर्मवर लिहा, लपवलं तर क्लेम अडकतो. बंजी, राफ्टिंग बऱ्याच साध्या पॉलिसीत धरत नाहीत. तसंही मे मध्ये पाणी जास्त असतं म्हणून खालच्या घळीतलं राफ्टिंग बहुतेक बंद किंवा थोडंच चालू असतं, मिस्टरांनी त्यावर प्लॅन बांधू नये, त्यापेक्षा हेलिकॉप्टर बघा, मे मध्ये वरूनच पूर्ण धबधबा एका नजरेत दिसतो आणि आईंना पण बसता येतं.

शेवटचं, परत आल्यावर पुढचे तीन महिने तरी घरात कोणालाही ताप आला, थंडी वाजली, नुसतं अंग दुखून डोकं दुखलं तरी फ्लू समजून क्रोसिनवर थांबू नका. आपल्याकडे जूनमध्ये सगळ्यांनाच व्हायरल असतो त्यामुळे डॉक्टरच्या डोक्यात झांबिया येणार नाही, तुम्ही तोंडाने सांगा की आम्ही आफ्रिकेत मलेरियाच्या भागात जाऊन आलोय आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्या, एकदा निगेटिव्ह आली आणि ताप राहिलाच तर परत करा. आईंच्या गोळ्यांची नावं लिहून पाठवलीत तर काय विचारायचं डॉक्टरांना ते मी सांगू शकतो.